तीन ड्रम आणि एक पट्टा

सायकलचे रोलर म्हणजे एका चौकटीत आडवे बसवलेले तीन फिरते ड्रम, मागे दोन आणि पुढे एक. मागचे चाक मागच्या दोन ड्रमांमधल्या खाचेत बसते, पुढचे चाक पुढच्या एकट्या ड्रमाच्या माथ्यावर टेकते. सायकल कुठेही बांधलेली किंवा आवळलेली नसते. स्वार पेडल मारू लागला की मागचे चाक ड्रमांना उलट दिशेने फिरवते आणि सायकल जागच्या जागी धावू लागते. ड्रम थांबले आणि हाताला आधार नसला, की सायकल कलंडते. घरात बसून सराव करण्याच्या साधनांत हे जुन्यांतले जुने आणि रचनेने सर्वांत साधे साधन आहे. स्वाराकडून सर्वांत जास्त मागणारे साधनही हेच.

या रचनेचा जीव तिच्या पट्ट्यात आहे. मागच्या दोनपैकी एका ड्रमावरून पुढच्या ड्रमापर्यंत रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा गोल पट्टा ओढलेला असतो. मागचे चाक फिरले की पट्ट्यामुळे पुढचा ड्रम फिरतो आणि त्याच्यामुळे पुढचे चाक. पट्टा काढून टाकला तर पुढचे चाक स्थिर राहते आणि कसलेला सायकलपटूही दोन-चार सेकंदांत आडवा होतो. शरीर डावीकडे झुकले की स्वार नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो, चाक डावीकडे सरकते आणि झुकलेल्या शरीराखाली पुन्हा आधार येतो. उजवीकडे झुकल्यावर हेच उलटे घडते. मिनिटाला अनेकदा चालणारी ही दुरुस्ती म्हणजेच सायकलचा तोल. मात्र वळवलेले चाक बाजूला सरकण्यासाठी ते फिरत असावे लागते. आपण पुढे जातो आहोत की खालचा पृष्ठभाग मागे पळतो आहे, हा फरक चाकाला कळत नाही. त्याला फिरणे पुरते.

फिरणारी चाके भोवऱ्यासारखी सायकल उभी धरतात, हा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. तो अपुरा आहे. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांशी संबंधित संशोधकांनी एक खास दुचाकी मांडली. उलट फिरणारी जादा चाके लावून तिच्यातला भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला होता, तरीही स्वाराशिवाय ढकलून दिल्यावर ती स्वतःचा तोल स्वतः सावरत गेली. झुकण्याच्या दिशेने वळणे, हेच तोलाचे मूळ. रोलरवर बसणाऱ्याला ही एक गोष्ट आधी उमजली तर पुढचे अर्धे काम हलके होते, कारण नवशिका नेमके याच्या उलट वागतो: तो हँडल घट्ट आवळून धरतो आणि सायकलचे वळणेच बंद करतो.

रस्ता आणि रोलर यांच्यात एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो जडत्वाचा आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने रस्त्यावरून जात असेल तर त्यात ४,००० ज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. पेडल दोन सेकंद सुटले तरी सायकल धावत राहते. रोलरवर स्वार जागेवरच असतो. ऊर्जा असते ती फक्त चाकांत आणि ड्रमांत. पेडल थांबले की वेग झपाट्याने उतरतो आणि पेडल मारण्यातला प्रत्येक धक्का, प्रत्येक खंड सायकलच्या हालचालीत लगेच दिसतो. रस्ता ज्या चुका पोटात घालतो त्या रोलर उघड्या पाडतो. या साधनाचे शिक्षकपण यातच आहे.

याच हिशेबाने एक जुनी भीतीही निकालात निघते. रोलरवरून घसरलेली सायकल बाणासारखी सुटून समोरच्या भिंतीवर आदळेल, असे अनेकांना वाटते. दोन्ही चाकांच्या रिम आणि टायरचे वजन मिळून दोन किलो धरले तर ताशी ३६ किलोमीटरला त्यांत सुमारे १०० ज्यूल ऊर्जा असते. ती सगळीच्या सगळी ८० किलो वजनाला पुढे ढकलण्यात खर्च झाली तरी वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपासच येईल, म्हणजे चालण्याचा वेग. प्रत्यक्षात टायर फरशीवर घसरतो आणि त्यातला बराच भाग तिथेच संपतो. ड्रमांतली ऊर्जा ड्रमांतच राहते. रोलरवरची पडझड असते ती बाजूला कलंडण्याची. कोपर, गुडघा आणि शेजारचे टेबल यांना तिचा धोका असतो, म्हणून आजूबाजूची जागा मोकळी ठेवणे हाच तिच्यावरचा उपाय.

रंगमंचावरची शर्यत

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिका आणि युरोपात सायकलशर्यतींना प्रचंड गर्दी होत असे. रोलर त्याच काळातले. तेव्हा त्यांना ‘होम ट्रेनर’ म्हणत. चार्ल्स मर्फी हा न्यूयॉर्कचा सायकलपटू रोलरवर वेग काढण्यात पटाईत होता. वारा आडवा आला नाही तर माणूस आगगाडीच्या वेगाने सायकल चालवू शकतो, असे तो सांगत असे आणि लोक हसत असत. ३० जून १८९९ रोजी लाँग आयलंडवर रुळांच्या मध्ये फळ्या अंथरून, आगगाडीच्या डब्यामागे वाऱ्याचा आडोसा घेऊन त्याने एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत कापले. त्यानंतर तो ‘माइल-अ-मिनिट मर्फी’ याच नावाने ओळखला गेला. त्याच वर्षी माँट्रियलमध्ये जगज्जेतेपद मिळवणारा कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर आणि हाच मर्फी पुढे नाट्यगृहांच्या रंगमंचांवर रोलरच्या शर्यतीत समोरासमोर उभे राहिले. दोन सायकली जागच्या जागी पळत आणि मोठ्या तबकडीवरचे काटे कोण पुढे आहे ते प्रेक्षकांना दाखवत. ब्रिटनमध्ये अशा शर्यती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाचघरांत आणि चित्रपटगृहांत रंगत होत्या.

मर्फीचा दावा खरा ठरला त्यामागचे शास्त्र रोलरला आजही तसेच लागू आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरने जाताना स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या पटीत. रोलरवर हवा कापायची नसते. विरोध असतो तो टायरचा: सपाट डांबराऐवजी लहान गोल ड्रमावर टेकल्यामुळे टायर जास्त दबतो आणि त्याचा घर्षणविरोध रस्त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होतो. तरीही मोठ्या ड्रमांवर ताशी ३६ किलोमीटर काढायला रस्त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी शक्ती पुरते. रोलरवर ताशी ४५ किलोमीटर दिसले म्हणून रस्त्यावर तो वेग आपला झाला, असे धरू नये.

ड्रमाचा व्यास जितका लहान तितका विरोध जास्त. बाजारात साधारण साडेचार इंच (११४ मिलिमीटर), सव्वातीन इंच (८० मिलिमीटरच्या आसपास) आणि सव्वादोन इंच (५७ मिलिमीटर) अशा व्यासांचे ड्रम मिळतात. इटलीची एलिट, नेदरलँड्सची टॅक्स, जपानची मिनोउरा आणि अमेरिकेची क्राइटलर ही या क्षेत्रातली ओळखीची नावे. काही ड्रम मध्ये किंचित खोलगट आणि टोकांना जाड असतात, त्यामुळे कडेला गेलेले चाक आपोआप मध्याकडे येते. नवशिक्याला ही सोय दिलासा देते. तोल शिकण्याच्या दृष्टीने मात्र सरळ ड्रमच अधिक प्रामाणिक.

बांधलेली सायकल आणि मोकळी सायकल

घरातल्या सरावासाठी आज जास्त खपतो तो स्थिर ट्रेनर. त्यात मागचा अ‍ॅक्सल पकडीत आवळलेला असतो किंवा मागचे चाक काढून सायकल थेट यंत्रावर चढवलेली असते. स्मार्ट ट्रेनर विजेवर चालतात, संगणकाशी जोडले जातात, पडद्यावर चढ आला की विरोध वाढवतात. त्यांचा उपयोग मोठा आहे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीमुळे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत प्रत्यक्ष रस्त्यावर होऊ शकली नाही तेव्हा तिची आभासी आवृत्ती झाली. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी पुण्यात घरातल्या ट्रेनरवर बारा दिवसांत सुमारे चार हजार किलोमीटर सायकल चालवून ती पूर्ण केली आणि तिसरा क्रमांक मिळवला. प्रत्यक्ष रस्त्यावरची ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून पूर्ण केली होती, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्राचे नाव आहे ते अशा माणसांमुळे.

बारा दिवस झोपेशी झगडत पेडल मारायचे असेल तर बांधलेली सायकलच हवी. रोलरवर डोळा लागला तर माणूस खाली येईल. जोरदार स्प्रिंट, उभे राहून चढ चढण्याचा सराव, ठरलेल्या वॅटला वीस-वीस मिनिटे धरून ठेवणे ही कामेही स्थिर ट्रेनरवर चांगली होतात. रोलरचे काम वेगळे आहे. सरळ रेषेत, एकसारख्या लयीत, वरचे शरीर सैल ठेवून सायकल चालवण्याची सवय तो लावतो. गटात एकमेकांच्या चाकामागे हातभर अंतराने जाताना, ट्रकच्या शेजारून सायकल काढताना, एका हाताने बाटली काढून पाणी पिताना जी स्थिरता लागते ती बांधलेल्या सायकलवर कधीच शिकता येत नाही. शिवाय सायकल कुठे आवळलेली नसल्यामुळे फ्रेमवर पिळवटणारा ताण येत नाही. आणि पुढचे चाक फिरत असल्यामुळे साधा स्वस्त चुंबकाचा मीटरही वेग आणि अंतर नीट दाखवतो.

ट्रॅकवरचे सायकलपटू शर्यतीआधी रोलरवरच अंग गरम करतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक असो की पुण्याच्या बालेवाडीतला वेलोड्रोम, मधल्या मोकळ्या जागेत रोलर मांडलेले दिसतात. ट्रॅकच्या सायकलला ना ब्रेक असतो ना मोकळे फिरणारे फ्रीव्हील. चाक फिरले की पेडल फिरलेच पाहिजे. वेगवान आणि गोल पेडल मारणे ही तिथली पहिली गरज, आणि रोलरइतका त्याचा दुसरा शिक्षक नाही.

छत्रपती संभाजीनगरची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या सायकलस्वाराला घराबाहेरचा सराव वर्षभर सारखा मिळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, पुढे म्हैसमाळ हा रस्ता हिवाळ्यात कोणत्याही शहराने हेवा करावा असा आहे. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर असल्याने शहरापासून तिथपर्यंत जवळपास पाचशे मीटरची निव्वळ चढाई मिळते. तीस किलोमीटरवरच्या वेरूळची फेरी सकाळच्या न्याहारीआधी होते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सरले की चित्र पालटते. मार्चपासून ऊन चढते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सकाळी साडेसात-आठनंतर डांबराची धग अंगावर येऊ लागते. जूनपासून पाऊस. मराठवाड्याचा पाऊस मुंबई-कोकणाच्या मानाने थोडा, पण पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि ओल्या रस्त्यावर अंधारात सायकल काढण्याची जोखीम तेवढीच. जालना रोड आणि बीड बायपासवरची वाहतूक पहाटेही विरळ नसते, कारण वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांच्या बस आणि ट्रक पाळ्यांच्या वेळेप्रमाणे धावतात. शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव आहे.

ज्याला कारखान्यात सकाळची पाळी गाठायची आहे, ज्या मुलीला अंधारात एकटीने गावाबाहेर जाऊ दिले जात नाही, ज्याला दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे ही लांब पल्ल्याची फेरी साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करायची आहे पण हातात रोजचा एकच तास आहे, त्यांच्यासाठी रोलर हे उपयोगी साधन आहे. विजेचा संबंध नसल्याने भारनियमनात तो बंद पडत नाही. सिडकोच्या एन सेक्टरांतल्या छोट्या घरांतही दोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद जागा निघते. काम झाले की तो उभा करून भिंतीला टेकवून ठेवता येतो.

परदेशी रोलर महाग पडतात आणि दुकानात सहज दिसत नाहीत. पण या शहराला ती अडचण वाटण्याचे कारण नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. लेथ, मिलिंग, बेअरिंग, गेज हे शब्द इथल्या हजारो घरांत रोजच्या जेवणाइतके ओळखीचे आहेत. रोलरचा ड्रम म्हणजे दोन टोकांना बेअरिंग असलेली एक खरी गोल नळी. ज्या शहरात दुचाकीचे भाग मायक्रॉनच्या मापात बनतात तिथे असा ड्रम बनवणे हे एका दुपारचे जॉबवर्क आहे.

यात एक सुखद योगायोगही दडलेला आहे. पाइपच्या दुकानात ज्याला ‘चार इंची’ म्हणतात त्या लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर असतो, म्हणजे अचूक साडेचार इंच. मोठ्या रोलरच्या ड्रमाचे जगभर चालणारे माप नेमके हेच. कारखान्यांतल्या कन्व्हेयरचे रोलरही याच मापात मिळतात. घरच्या सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप ११० मिलिमीटरचा असतो, तोही चालून जातो. लोखंडी पाइपचा चाळीस सेंटिमीटरचा तुकडा चार किलोच्या घरात भरतो. जड ड्रम उचलायला त्रासाचा, पण फ्लायव्हीलसारखा फिरत राहतो आणि रस्त्याच्या जवळची भावना देतो. पीव्हीसी हलका आणि स्वस्त, पण पेडल सोडताच थांबतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवला तर वाकण्याची भीती. जमत असेल त्याने लोखंडच घ्यावे.

घाई करू नये ती ड्रम खरा गोल करण्याच्या कामात. ताशी ३६ किलोमीटरला सायकलचे चाक मिनिटाला सुमारे २८५ फेरे घेते. ११४ मिलिमीटरचा ड्रम त्याच वेळी सुमारे १,६७० फेरे घेतो, ८० मिलिमीटरचा जवळपास २,४००, तर ५७ मिलिमीटरचा ३,३०० च्या पुढे. चार किलोचा ड्रम आपल्या अक्षापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेला असला, तरी या वेगाला तो सेकंदाला अठ्ठावीस वेळा सहा किलो वजनाइतका झटका मारतो. सायकल थरथरते, चौकट फरशीवर सरकते, खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. बाजारातून आलेला पाइप डोळ्यांना गोल दिसतो, पण लेथवर चढवून डायल गेज लावल्यावर त्याचे खरे रूप कळते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी दोन्ही टोकांच्या एंड कॅप बसवून वेल्ड कराव्यात, मग शाफ्ट सेंटरमध्ये धरून बेअरिंगच्या जागा आणि बाहेरचा पृष्ठभाग एकाच सेटिंगमध्ये कापावा. आधी पाइप गुळगुळीत करून नंतर टोपणे वेल्ड केली तर उष्णतेने तो पुन्हा वाकडा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बेअरिंग ६२०२ किंवा ६२०३ क्रमांकाचे पुरतात. दोन्ही बाजूंना घट्ट रबरी सील असलेल्यांपेक्षा पत्र्याचे शील्ड असलेले हलके फिरतात. पृष्ठभाग आरशासारखा नसावा, टायर घसरतो. नर्लिंगही नसावे, टायर खाल्ला जातो. साध्या टूलने घेतलेला बारीक फिनिशिंग कट योग्य. पट्ट्यासाठी पुढच्या आणि मधल्या ड्रमावर एका कडेला, एका रेषेत खाच कापावी. गोल पॉलियुरेथेन पट्टा मशिनरीच्या दुकानात मीटरवर मिळतो आणि टोके तापवून जोडता येतात. तो वीणेच्या तारेसारखा ताणू नये. हाताने सहज फिरेल आणि तरी घसरणार नाही, एवढाच ताण ठेवावा. चौकटीला चौकोनी ट्यूब पुरते. पुढच्या ड्रमासाठी तिच्यात अडीच-अडीच सेंटिमीटरवर भोके पाडून ठेवावीत, कारण प्रत्येक सायकलची लांबी वेगळी असते. रोड बाइकच्या दोन्ही अ‍ॅक्सलमधले अंतर मीटरभर किंवा किंचित कमी, डोंगरी सायकलचे आणि जुन्या काळ्या सायकलचे आणखी जास्त. पुढचा ड्रम पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर खाली किंवा एक-दोन सेंटिमीटर पुढे यावा. तो मागे राहिला तर चाक पुढे उतरू पाहते.

दाराच्या चौकटीतले पहिले दिवस

रोलर शिकण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे दाराची चौकट. दोन्ही बाजूंना हात पुरतो, पडायला जागाच नसते. चौकट सोयीची नसेल तर एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला जड कपाट चालेल. चढण्यासाठी पायाखाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात, कारण ड्रमांमुळे सीट नेहमीपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर वर जाते. पहिले दिवस साध्या बुटांत आणि साध्या पेडलवर काढावेत. बूट अडकवणारे पेडल नंतर. टायरमध्ये हवा पूर्ण भरावी. गुठळ्यांच्या टायरने आवाजही होतो आणि ड्रमही हादरतो, म्हणून डोंगरी सायकलला निदान सपाट टायर घालावे.

गिअर मधला निवडावा. फार हलका गिअर असेल तर चाके हळू फिरतात आणि तोल अवघड होतो. वेग हाच आधार आहे, हे पहिल्या दिवशी मनाला पटत नाही, शरीराला दहा मिनिटांत पटते. एक हात चौकटीवर, एक हँडलवर ठेवून पेडल सुरू करावे आणि वेग आला की चौकटीवरचा हात बोटांच्या टोकांवर आणावा. नजर पुढच्या चाकावर खिळवू नये, दोन मीटर पुढच्या एखाद्या बिंदूवर ठेवावी. चाकाकडे पाहणारा चाकाच्या मागे धावतो आणि प्रत्येक सुधारणा उशिरा करतो. खांदे खाली, कोपरे किंचित वाकलेली, बोटे हँडलवर नुसती टेकलेली. थांबताना आधी हाताने आधार घ्यायचा, मग पेडल थांबवायचे. हा क्रम उलटला तर पडणे ठरलेले.

पहिले दोन-तीन दिवस पाच-पाच मिनिटांचे असतात आणि निराश करतात. आठवड्याभरात बहुतेकांना हात सोडून दोन-तीन मिनिटे सलग जाता येते. त्यानंतर सुधारणा भराभर होते. प्रगती मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. पुढच्या ड्रमावर मार्कर पेनाने दहा सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात आणि चाक त्यांच्यामध्ये किती वेळ राहते ते पाहावे. महिनाभराने त्या पाच सेंटिमीटरवर आणाव्यात. ज्याचे चाक पाच सेंटिमीटरच्या पट्टीत दहा मिनिटे राहते, त्याला जालना रोडच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवरून सायकल नेताना भीती वाटणार नाही.

तोल जमला की खरा सराव सुरू होतो. पेडलची लय मोजायला महाग यंत्र लागत नाही. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणावे. तेवीस वेळा आला तर लय नव्वदच्या जवळ आहे. पुढे ५० आणि मागे १७ दातांचे चक्र असेल तर या लयीला वेग ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास येतो. दहा मिनिटे अंग गरम केल्यावर दोन-दोन मिनिटे ८०, ९०, १०० आणि ११० च्या लयीत जावे, मग पुन्हा खाली उतरावे. ११० ला ढुंगण सीटवर उसळू लागले तर पेडल गोल फिरत नाही, तळाशी पाय दाबला जातो आहे, असे समजावे. लय पाचने उतरवून ती उसळी बंद करावी आणि तिथून पुन्हा वर जावे. हे रोज अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार दिवस केले की रस्त्यावर गुडघ्यांवरचा भार कमी झाल्याचे जाणवते. कष्टाच्या सरावासाठी जड गिअर लावून तीन-तीन मिनिटांचे टप्पे करता येतात. मात्र मोठ्या ड्रमांवर एका मर्यादेपलीकडे विरोध मिळत नाही, तिथे लहान ड्रम किंवा चुंबकाचा ब्रेक लागतो. उभे राहून पेडल मारणे सगळ्यांत शेवटी शिकावे. जडत्व नसल्याने उभे राहताना सायकल पुढे-मागे सरकते आणि चाक ड्रमावरून उतरू शकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी उतरून दोन मिनिटे चालावे, कारण रस्त्यासारखे अधूनमधून सीटवरून उठणे इथे होत नाही आणि मांड्या बधिर होतात.

मराठवाड्यात यापुढचा प्रश्न उष्णतेचा. माणसाचे शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होते. २०० वॅटने पेडल मारणारा स्वार सातशे वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे खोलीत एक छोटा हीटर लावल्यासारखे. रस्त्यावर समोरचा वारा ती घेऊन जातो, घरात तो नसतो. एवढी उष्णता घामाने काढायची तर तासाला सुमारे एक लिटर घाम पूर्ण वाळावा लागतो. जो टपकतो तो थंडावा देत नाही. म्हणून पंखा ही चैन नव्हे, गरज आहे. छाती आणि तोंडावर येणारा मोठा फरशीवरचा पंखा असावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खिडकी उघडी ठेवून लावलेला कूलर फार चांगला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तोच कूलर हवेत ओल वाढवून घाम वाळू देत नाही, तेव्हा त्याचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. तासाभराच्या सरावाला लिटरभर पाणी, चिमूटभर मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा पातळ ताक हाताशी असावे. हँडल आणि फ्रेमवर टॉवेल टाकावा, कारण घामातले मीठ स्क्रू आणि बेअरिंग खाते. चक्कर, अंगावर काटा किंवा अचानक घाम थांबणे ही उष्माघाताची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी ताबडतोब उतरावे, अंगावर पाणी घ्यावे आणि बरे वाटले नाही तर डॉक्टरकडे जावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी सुरुवात करण्याआधीच सल्ला घ्यावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी चौकटीखाली जाड रबरी मॅट घालावी. त्याने आवाज निम्मा होतो आणि शेजाऱ्यांशी संबंध टिकतात. ड्रम महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावेत, त्यांवर टायरच्या रबराची काळी भुकटी बसते. पट्ट्याचा जोड तपासावा. तेल कुठेही लावू नये, ड्रमावर थेंबभर तेल गेले तरी चाक निसटते.

दिवाळीच्या सुमारास शहरातली हवा वर्षातली सर्वांत चांगली असते, आणि तेव्हा सायकलस्वारांनी दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावरच असावे. पण दिवाळीची सुट्टी संपून वाळूज-चिकलठाण्याचे लेथ पुन्हा सुरू झाले की चार इंची पाइपचे तीन तुकडे घेऊन एखाद्या ओळखीच्या टर्नरकडे जावे. रोलर शिकायला थंडीचे दिवस बरे, कारण पहिल्या आठवड्याची धडपड उकाड्यात नकोशी होते. संक्रांतीपर्यंत हात सुटले आणि होळीपर्यंत चाक दोन रेघांच्या मध्ये राहू लागले, तर एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात सराव एक दिवसही बंद ठेवावा लागणार नाही.